रेशमी घडीतली नाडी

नाशिकच्या एका सार्वजनिक प्रसूतिगृहाच्या दिवाणखान्यात धोंडाबाई नर्सची तसबीर टांगलेली होती आणि तिला दर गुरुवारी झेंडूचा नवा हार घातला जात असे. तसबिरीखाली सोनेरी अक्षरांत ‘सेवेत देह झिजविला’ असे लिहिले होते. ते वाचून परगावचे पाहुणे हळहळत आणि बाईंना जाऊन किती वर्षे झाली, अशी दबक्या आवाजात विचारणा करीत. त्यावर संस्थेचे चिटणीस नुसती मान हलवीत. कारण खरे उत्तर देणे थोडे अवघड होते. धोंडाबाई वारल्या नव्हत्या. त्या नामपूरला बहिणीच्या ओट्यावर बसून होत्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे गुडघे आणि हातांची बोटे अशी आखडली होती की, ज्या हातांनी त्यांनी अर्ध्या नाशिकची पोरे जगात आणली, त्या हातांना आता भाकरीचा तुकडा मोडण्यासाठी भाचीला हाक मारावी लागे. संस्थेने त्यांना निरोप दिला त्या दिवशी पाच भाषणे झाली. तसबिरीला हार घालण्यात एक सोय असते: तसबीर कधी दुखते म्हणत नाही.

धोंडाबाईंच्या जागी आलेल्या चिमणाबाईंना हा हार रोज येता-जाता दिसे. बाई मूळच्या नांदगावकडच्या शेतकरी घरातल्या. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले, तेव्हा थोरल्या भावाने, खंडेरावाने, गावच्या तोंडाला न लागता बहिणीला पुण्याच्या इस्पितळात शिकायला धाडले. तीन वर्षांनी परीक्षा उतरून त्या नाशिकला आल्या, त्याला आता सात वर्षे होत आली होती. हात हलका, जीभ धारदार आणि कामात कसूर नाही, अशी त्यांची ख्याती होती. यांपैकी जिभेविषयी संस्था चालवणाऱ्या मंडळाची तक्रार होती. बाकीच्या दोन गोष्टी मंडळाने गृहीत धरल्या होत्या.

या संस्थेच्या छापील नियमांत अकरावा नियम असा होता: ‘परिचारिकेने प्रत्येक प्रसूतीनंतर, तसेच प्रत्येक घरात पाऊल टाकण्यापूर्वी, सचैल स्नान करावे.’ म्हणजे नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी. बाळंतपणाचा विटाळ एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. ज्या घरी बाईंना हाक येई, त्या घराच्या मागच्या दाराशी एक घंगाळ भरून ठेवलेले असे. त्यातले पाणी विहिरीचे, ताजे आणि थंडगार. तापवलेले का नाही? तर प्रसूतिगृहात पाणी तापवीत मुसलमान मोलकरीण खातूनबी, आणि त्यांनी तापवलेल्या पाण्याने विटाळ जाईल की वाढेल, याविषयी मंडळात मतभेद होते. घरोघरच्या चुली सोवळ्यात गुंतलेल्या. गरम पाण्याचा प्रश्न तीन वर्षांपूर्वी एका पोटसमितीकडे सोपवला होता. पोटसमिती अद्याप विचार करीत होती. तोवर चिमणाबाई दिवसाला चार-चार, पाच-पाच वेळा भिजत होत्या आणि ओल्या पदराने रविवार कारंज्यावरून पंचवटीपर्यंत चालत होत्या.

१९३६ सालचा पौष महिना फार कडक निघाला. बाईंना त्या महिन्यात ताप येऊ लागला. दुपार झाली की अंग तापे, बरगड्यांत चमक निघे आणि सकाळी उठताना गुडघे आपले नसल्यासारखे वाटत. बाईंनी सलग बारा दिवस स्वतःचा ताप थर्मामीटरने पाहिला. पारा एकशे एकाच्या खाली थांबेना. तेराव्या दिवशी त्यांना नाळ बांधताना दोऱ्याची गाठ बोटांत नीट धरता आली नाही. गाठ बसली, बाळ सुखरूप राहिले, कोणाच्या लक्षातही आले नाही. पण बाईंच्या लक्षात आले. मागल्या खोलीकडे परतताना त्यांनी दिवाणखान्यातल्या तसबिरीकडे पाहिले नाही.

त्या दुपारी त्या धुण्याच्या दगडाजवळ उन्हात बसल्या होत्या. खातूनबी बाळंतिणींचे कपडे धूत होत्या. रक्ताचे कपडे धुणाऱ्या हातांची जात मंडळाने कधी विचारली नव्हती. तेवढ्यापुरते मंडळ सुधारक होते. खातूनबींचा मुलगा निसार इगतपुरीच्या रेल्वेत फिटर होता. तिथल्या रेल्वे इस्पितळात नर्सची जागा असल्याची बातमी त्यानेच आणली होती. चिमणाबाईंनी अर्ज केला होता आणि त्याचे उत्तर आज त्यांच्या मांडीवर उघडे पडले होते.

“वाचा की बाई, मला काय कागदाचा वास घेऊन कळतंय?” खातूनबी म्हणाल्या.

“जागा पक्की. राहायला खोली. आठ तासांची पाळी, आठवड्याला एक दिवस सुट्टी. फक्त फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेच्या आत हजर व्हायचं आणि सध्याच्या संस्थेचा शिक्क्याचा दाखला आणायचा. प्रकृतीचा आणि वर्तणुकीचा.”

“आणि इथले देतात का?”

“एकोणिसावा नियम. आठ दिवसांची सूचना देऊन खुशाल जा, पण जाणारीला दाखला नाही. चिटणीस म्हणतात, त्यानं निष्ठा टिकते.”

“दावणीनं म्हैससुद्धा टिकते. मग दुसरं काय?”

चिमणाबाईंनी बोटे मोडून पाहिली. दोन मोडली नाहीत. “इथंच राहायचं.”

“त्याचा हार आत भिंतीवर टांगलाय. पुढचं बोला.”

“शहरात स्वतःची पाटी लावायची. ‘परीक्षा उतरलेली नर्स.’”

“लावा. पण आंघोळ मागच्याच दाराला. इथं एकच अकरावा नियम हाय, तिथं दर घराचा आपापला अकरावा.”

“नामपूरला लोकल बोर्डाचा दवाखाना आहे. डॉक्टर महिन्यातून दोनदा सटाण्याहून येतो. बाकीचे दिवस मी, एक बैलगाडी आणि तेवीस गावं.”

“या अल्ला! धोंडाबाईच्या शेजारचा ओटा रिकामा हाय वाटतं?”

“दादा म्हणतो, नांदगावला ये.”

“येऊन करायचं काय?”

“वहिनीचं ऐकायचं.”

“मग तेवीस गावंच बरी,” खातूनबी म्हणाल्या आणि दोघीही हसल्या. हसता हसता चिमणाबाईंना खोकल्याची अशी उबळ आली की, खातूनबींनी पिळायला घेतलेला कपडा खाली टाकला आणि ओल्या हाताने त्यांची पाठ चोळली. “बाई, इगतपुरी मिळंल तवा मिळंल. आधी पंधरा दिवस अंथरुणावर पडा. लेखी मागा.”

चिमणाबाईंनी लेखी मागितले. पंधरा दिवस विश्रांती मिळावी आणि त्यापुढे स्नानाला ऊन पाणी मिळावे, एवढ्या दोनच ओळी.

मंडळाचे अध्यक्ष गोटीरामशेठ हे कापडाचे मोठे व्यापारी. त्यांना भाषणांची हौस होती आणि त्या साली वार्षिक समारंभात ‘परिचारिकांचे स्वास्थ्य’ या विषयावर बोलण्याचे त्यांनी योजले होते. त्यामुळे एका परिचारिकेचे स्वास्थ्य प्रत्यक्ष बिघडले, ही गोष्ट त्यांना विषयाला सोडून वाटली. त्यांनी ठरवले की, मंडळाच्या सभेतच बाईंची प्रकृती तपासावी. सभा त्यांच्या घरी, सत्यनारायणाच्या दिवशी. तपासणार रंगनाथशास्त्री वैद्य. कारण ते मंडळाचे सभासद होते आणि पूजेलाही तेच बसणार होते. एका माणसात दोन कामे उरकत असतील, तर शेठजी तिसरा माणूस बोलावीत नसत.

सकाळी दहाच्या सुमारास चिमणाबाई शेठजींच्या घरी गेल्या. पूजेचे घर, तेव्हा मागच्या दाराशी घंगाळ तयारच होते. शेठजींच्या धाकट्या सुनेने, जिला सातवा महिना होता, संकोचाने तांब्या पुढे केला.

“बाई, मामंजी म्हणाले, आज दोन तांबे जास्त घ्या.”

“घेते. पाणी ताजं आहे ना?” चिमणाबाईंनी विचारले.

“आत्ताच शेंदलं.”

“मग बरंय. शिळ्या पाण्यानं मला ताप आला असता.”

सून बिचारी खाली मान घालून हसली. बाईंनी पाणी डोक्यावर घेतले, दुसरे लुगडे नेसले आणि कुडकुडत दिवाणखान्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत चौरंगासमोर रेशमी मुकटा नेसून रंगनाथशास्त्री बसले होते. त्यांच्यासमोर एक विलक्षण पेच उभा राहिला. नाडी पाहायची तर हात धरला पाहिजे. हात बाळंतपणे करणाऱ्या बाईचा. धरावा तर सोवळे मोडते, पुन्हा स्नान आले, आणि स्वतः शास्त्रीबोवांना थंड पाणी सोसत नसे. न धरावा तर मंडळाचे काम अडते. शेवटी त्यांना मार्ग सुचला. त्यांनी एक रेशमी उपरणे मागवले, त्याची चौपदरी घडी केली, ती बाईंच्या डाव्या मनगटावर ठेवली आणि घडीवर तीन बोटे टेकवली. रेशमाला विटाळ बाधत नाही, हे शास्त्र मान्य केले तर एक पदर पुरे होता. पण शास्त्रीबोवांची श्रद्धा शास्त्राहून दाट होती.

त्यांनी डोळे मिटले. उपरण्याच्या चार पदरांतून त्यांना बहुधा उपरण्याचीच नाडी लागली असावी. कारण त्यांच्या मुद्रेवर मोठे समाधान पसरले.

“हंसगती!” ते म्हणाले. “मंद, स्थिर. ज्वर कसला? हा हात तर बर्फासारखा शीतल आहे. पदरांतूनसुद्धा गारवा लागतो.”

“शास्त्रीबोवा, आत्ताच विहिरीचं अर्धं पाणी अंगावर घेऊन आले आहे,” चिमणाबाई म्हणाल्या. “थर्मामीटर आणलाय मी. लावून बघा.”

“काचेची नळी? आणि तोंडात घातलेली? उष्टी वस्तू पूजेच्या घरात! अहो बाई, पाऱ्याला माणसाची प्रकृती काय कळणार?”

ज्यांचा निम्मा औषधसंग्रह पाऱ्याच्या भस्मांवर उभा होता, त्या गृहस्थाने पाऱ्याला इतके अडाणी ठरवावे, याचे कोणालाच नवल वाटले नाही.

“मग मला होतंय ते काय?”

“श्रमभ्रम,” शास्त्रीबोवांनी तिथल्या तिथे एक रोग निर्माण केला. “श्रम झाले असा भ्रम.”

गोटीरामशेठांना तो शब्द इतका आवडला की, त्यांनी तो भाषणासाठी टिपून घ्यायला सांगितला. मग त्यांनी खुर्चीतून किंचित पुढे वाकून बाईंना वडिलकीने समजावले. “बाई, आरोग्य मनात असतं. पहाटे उठावं, दीर्घ श्वास घ्यावा, मन प्रसन्न ठेवावं. सेवा करणाराला थकवा येतच नाही. आला, तर समजावं सेवा कमी पडली. मी स्वतः बघा, पंचवीस वर्षं संस्थेचा अध्यक्ष आहे. कधी थकलोय?”

“नाही शेठजी,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला बसून पाहिलंय मी. जराही थकत नाही तुम्ही.”

चिटणीस खोकले. त्यांनी सुचवले की, अर्ज लेखी आहे, तेव्हा उत्तरही लेखी हवे. शिवाय ते वार्षिक अहवालात छापले म्हणजे संस्था परिचारिकांच्या प्रकृतीची किती काळजी घेते, हे शहराला कळेल. शेठजी खूष झाले. चिटणिसांनी टाक बुडवला आणि ते लिहू लागले. एकदा शाई वाहू लागली की त्यांना थांबवणे कठीण असे. लिहून झाल्यावर त्यांनी खड्या आवाजात वाचून दाखवले:

“गं. भा. चिमणाबाई यांची प्रकृती रंगनाथशास्त्री वैद्य यांनी मंडळासमक्ष तपासली. त्या सर्वथा निरोगी व सुदृढ असून कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही ऋतूत, कितीही श्रमाचे काम करण्यास समर्थ आहेत. त्यांची वर्तणूक निष्कलंक, स्वभाव सेवापर व कौशल्य अद्वितीय आहे. सबब विश्रांतीचा अर्ज नामंजूर.”

चिमणाबाई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. केसांतून पाणी ठिबकत होते, कानशिले तापली होती, आणि त्या तापलेल्या डोक्यात एक अतिशय थंड विचार आला. गेले सहा दिवस ज्या कागदासाठी त्यांनी उशी ओली केली होती, तो कागद समोरच्या गादीवर वाळत पडला होता.

“शेवटचं वाक्य तेवढं सुटं लिहाल का?” त्या नम्रपणे म्हणाल्या. “नामंजुरी माझी मला समजली. पण तपासणीचा भाग वेगळा, शिक्क्यानिशी मिळाला, तर जवळ ठेवीन. दुखायला लागलं की वाचीन. मन प्रसन्न राहील.”

“शाब्बास!” गोटीरामशेठ म्हणाले. “याला म्हणतात समजूतदारपणा. द्या हो चिटणीस, चांगल्या कागदावर द्या.”

चांगल्या कागदावर प्रत झाली. तीवर शास्त्रीबोवांनी सही केली, शेठजींनी सही केली, आणि चिटणिसांनी संस्थेचा गोल शिक्का इतका दाबून मारला की तो पाठीमागेही उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणाबाईंनी एकोणिसाव्या नियमाप्रमाणे आठ दिवसांची सूचना कचेरीत दिली. चिटणिसांनी ती वाचली, ‘दाखला मिळणार नाही’ असे बजावण्यासाठी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले.

बातमी कापडाच्या पेढीपर्यंत पोचायला फारसा वेळ लागला नाही. दुपारी गोटीरामशेठ स्वतः प्रसूतिगृहाच्या मागल्या खोलीपाशी आले. आत येणे शक्य नव्हते, विटाळ होता. म्हणून ते अंगणात उभे राहिले. बरोबर एक शालजोडी होती.

“बाई, हे बरं नव्हे. तुम्ही आम्हाला फसवलंत.”

“मी? शेठजी, मी सांगत होते आजारी आहे. तुम्ही सही करून दिलीत, आजारी नाही. आता फसवलं कुणी कुणाला, हे पोटसमितीकडे द्या.”

“दाखला परत करा.”

“म्हणजे त्यात लिहिलेलं खोटं आहे म्हणता? मग मला पंधरा दिवस झोपू द्या.”

पाचवारी कापड चार वेळा मोजूनही वार भरू नये, तसा शेठजींचा चेहरा झाला. मग त्यांनी आवाज बदलला. “समारंभात तुमचा सत्कार ठरवलाय. ही शाल. ‘सेवामूर्ती’ म्हणून पदवी. तसबीरसुद्धा काढून घेऊ.”

“धोंडाबाईंच्या शेजारी?”

“अगदी शेजारी!” शेठजी उत्साहाने म्हणाले.

पलीकडे दगडावर कपडे आपटणाऱ्या खातूनबींचा हात हवेतच थांबला. चिमणाबाईंनी हसू दाबले नाही.

“शाल नामपूरला पाठवा शेठजी. मूर्तीला थंडी वाजत नाही, धोंडाबाईंना वाजते.”

“माझ्या सुनेला सातवा लागलाय बाई,” गोटीरामशेठ म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भाषण नव्हते. “तिनं तुमच्याशिवाय कोणी नको म्हणून हट्ट धरलाय.”

तांब्या पुढे करणारे ते संकोचलेले हात चिमणाबाईंना आठवले. “तिचं सगळं नीट आहे. मूल डोक्याकडून आहे,” त्या म्हणाल्या. “नवी नर्स आणा. दोन महिने आहेत हाताशी. पण तिच्या घंगाळात ऊन पाणी घाला. सुनेसाठी सांगते, नर्ससाठी नाही. गारठलेल्या बोटांना नाळेची गाठ नीट बसत नाही. परवा माझीच निसटत होती.”

शेठजींनी हे ऐकले की नाही, ते कळणे कठीण होते. ते शाल काखेत मारून निघून गेले. नवी नर्स त्यांनी आणली खरी. गरम पाण्याचा ठरावही आठ दिवसांत मंजूर झाला, आणि तीन वर्षे विचार केल्याबद्दल पोटसमितीचे आभार मानण्यात आले. वार्षिक अहवालात छापले गेले की, वर्षअखेर संस्थेची एकही परिचारिका आजारी नव्हती. त्यात खोटे काहीच नव्हते.

जानेवारीच्या तिसाव्या तारखेला चिमणाबाई इगतपुरीच्या इस्पितळात पोचल्या, तेव्हा त्यांचा हात निसारच्या खांद्यावर होता. खातूनबींनी त्याला तसे बजावूनच पाठवले होते. गाडीत सारा वेळ चिमणाबाईंनी दाखला उराशी धरला होता आणि सारा वेळ एकच हिशेब उलटसुलट केला होता: आत शिरले तर जगेन, पण जे या कागदावर लिहिले आहे ते मी नाही. डॉक्टर पन्नाशीचे, रोडके आणि तुटक बोलणारे होते. त्यांनी दाखला वाचला. ‘कौशल्य अद्वितीय’ या शब्दांपाशी त्यांच्या भुवया चढल्या. मग ते उठून कोपऱ्यातल्या चिलमचीकडे गेले आणि साबण लावून हात धुऊ लागले.

चिमणाबाई ते पाहत राहिल्या. सात वर्षे त्यांना शिवलेल्या प्रत्येक माणसाने हात धुतले होते. पण शिवून झाल्यावर. शिवण्याच्या आधी हात धुणारा माणूस त्यांना पुण्यानंतर आज दिसत होता.

डॉक्टरांनी उघड्या बोटांनी त्यांचे मनगट धरले, घड्याळाकडे पाहिले, मनगट सोडले आणि पुन्हा दाखला उचलला.

“हे लिहिणाऱ्यानं तुमचा हात धरला होता?”

“धरला होता. मध्ये रेशमाचे चार पदर होते.”

“का?”

“पूजा होती.”

डॉक्टरांनी थर्मामीटर झटकला. “म्हणजे दाखला खोटा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी ऐकलं असतं, तर मी आज इथं नसते, बिछान्यावर असते.” त्यांची मान खाली गेली नाही. “वर्तणुकीचं आणि कामाचं लिहिलंय ते खरं आहे. प्रकृतीचं तुम्हीच लिहा, आणि परत पाठवायचं असेल तर तसं सांगा. फक्त आता कोणी मला बरी आहेस म्हणू नका.”

डॉक्टरांनी थर्मामीटर त्यांच्या तोंडात ठेवला आणि थोड्या वेळाने पारा उजेडाकडे धरून पाहिला. मग ते दाराशी गेले आणि त्यांनी वॉर्डातल्या आयाला हाक मारली.

“कोपऱ्यातली खाट घाला. पंधरा दिवस. आणि नवीन नर्सबाईंना आधी बादलीभर कढत पाणी द्या.”

“आंघोळीला?” आयाने विचारले.

चिमणाबाई दचकल्या. त्यांनी पदर छातीशी ओढून धरला.

“छे!” डॉक्टर म्हणाले. “पाय शेकायला.”